आज्यांना शाळेत बोलवा, पण संस्कारासाठी नको

आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी थंडच असतो, झेंडावंदन किती वाजता आणि आधार अपडेट कोणाचं राहिलं यापलीकडं त्यात काही येत नाही. पण दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि काही दिवसांत तो असा पेटला की रात्री साडेअकराला लोकं मेसेज टाकून राहिले होते. कारण काय, तर हेडसरांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक प्रयोग सुरू केला होता. सहावी ते आठवीच्या पोरी आणि गावातल्या दहा-बारा म्हाताऱ्या बाया, दोन तास एकत्र बसायचं, सगळ्यांच्या घरच्या जुन्या कपड्यांची मिळून एक मोठी गोधडी शिवायची, शिवता शिवता जी गाणी, ज्या गोष्टी निघतील त्यातून एक छोटं नाटक बांधायचं आणि सव्वीस जानेवारीच्या गॅदरिंगला ते पोरींनी आणि बायांनी मिळून करायचं. एवढंच. दोन शनिवार झाले, तिसऱ्याच्या आधी तक्रार आली आणि काम थांबलं.

मग भांडण. एक पार्टी म्हणते, "पोट्टीले इंग्रजीचं स्पेलिंग येत नाही अन् तुमी तिले गोधडी शिवाले बसवता?" दुसरी पार्टी म्हणते, मोबाईलनं पोरी बिघडल्या, कोणाचं ऐकत नाहीत, आज्यांजवळ बसल्या तर दोन संस्कार तरी लागतील. मी समितीची मेंबर आहे (कायद्यानं समितीत अर्ध्या बाया लागतात म्हणून आहे, मिटिंगमध्ये बऱ्याच जणींचे नवरेच बोलतात तो विषय वेगळा), आणि दोन्ही शनिवारी मी तिथं सतरंजीवर बसलेली होते. माझं मत सरळ सांगते. हे काम परत सुरू झालं पाहिजे. पण समर्थक ज्या कारणासाठी त्याची बाजू घेऊन राहिले ते कारण मला विरोधकांच्या कारणापेक्षा जास्त घातक वाटतं. इंग्रजीवाले हे बंद पाडतील एवढंच, संस्कारवाले ते चालू ठेवून मारतील.

आधी विरोधकांचं, कारण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गावातून रोज सकाळी कॉन्व्हेंटची व्हॅन जाते. ज्यांना परवडते त्यांची पोरं त्या व्हॅनमध्ये, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जे उरले ते ज्यांना परवडत नाही ते. तर त्या आईबापांना असं वाटणारच ना की व्हॅनवाल्यांच्या पोरांना कॉम्प्युटर आणि आपल्या पोरीला सुईदोरा? दुसरं, दिवाळीनंतर कापसाची वेचणी. पोरगी तशीही आठवड्यातले दोन दिवस वावरात असते, आणि म्हातारी पण असते, साठीतली बाई सुद्धा किलोच्या भावानं कापूस वेचून राहिली इथं, तिचा अर्धा दिवस शाळेत गेला तर तेवढी मजुरी बुडाली. तिसरं सगळ्यात जड. यवतमाळचं नाव, वर्ध्याचं नाव पेपरात कशासाठी येते हे काही सांगायला नको. ज्या घरात कर्जापायी माणूस गेला त्या घरासमोर उभं राहून कलेचं कौतुक सांगणं मला तरी जमणार नाही.

आणि ही भीती आजची नाही, ती आमच्याच मातीत जुनी आहे. वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, झाकीर हुसेन समिती बसली, सेवाग्रामहून नई तालीम निघाली, हाताच्या कामातून शिक्षण. तेव्हाही हाच सवाल आला की ज्यांना पिढ्यान् पिढ्या जातीनं काम वाटून दिलं त्यांच्या पोरांना शाळेत पण पुन्हा कामच द्यायचं का? सवाल बरोबर होता. ज्या बापानं पोराच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणूनच त्याला शाळेत घातलं त्याला तुम्ही टकळीचं महत्त्व सांगून काय फायदा. तेव्हा आमच्या ग्रुपवर जो भाऊ स्पेलिंगचं बोलला त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी हे आठवावं.

पण मग मी त्याच्या बाजूची का नाही? कारण गोधडी शिवायला शिकवणं हा या कामाचा हेतूच नव्हता. पोरींनी पुढं जाऊन गोधड्या शिवून पोट भरावं असं कोणी म्हटलं नाही, म्हणू पण नये. गोधडी हे निमित्त आहे. हात गुंतले की तोंड मोकळं होते, हे निंदणाला ओळीनं बसलेल्या कोणत्याही बाईला विचारा. समोरासमोर खुर्च्या टाकून म्हातारीला म्हटलं ना, की आजी तुमच्या लहानपणाबद्दल सांगा, तर ती म्हणते, काय सांगू बापा, काही नाही. तेच हातात सुई दिली, मांडीवर अर्धी गोधडी, बाजूच्या पोरीचा धागा सारखा तुटून राहिला, तर पंधरा मिनिटात सासरचं, माहेरचं, दुष्काळाचं, सगळं निघते. आणि अभ्यासाचं म्हणाल तर दुसऱ्या शनिवारी घरी जाऊन आठवीतल्या एका पोरीनं चार पानं लिहून आणली, जी पोरगी निबंधाच्या पेपरात सहा ओळींवर थांबते. शुद्धलेखन भयंकर होतं. पण चार पानं होती. वेळेचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचे, गावातल्या कारागिरांकडून, कलाकारांकडून शिकायचं असं लिहिलेलंच आहे. म्हणजे हे तास कोणी इंग्रजीच्या तासातून चोरलेले नाहीत, ते सरकारनंच दिले आहेत, आपण ते वृक्षारोपणाचे फोटो काढण्यात घालवतो.

राहिलं ते कला म्हणजे चैन हे. हे ज्यांना वाटते त्यांनी दिवाळीनंतर एकदा गडचिरोलीतल्या वडस्याकडं जाऊन यावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, सगळी धानाची, जंगलाची, पैशानं गरीब गावं, आणि तिथं झाडीपट्टीची नाटकं होळीपर्यंत चालतात, लोकं तिकीट काढून रात्रभर थंडीत बसतात. तिथल्या नाटकातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुठं पुण्या-मुंबईच्या पेपरांना कळलं. पोट भरल्यावर कला सुचते हे ज्यानं कोणी म्हटलं त्यानं ही माणसं पाहिली नसावी. दुसरं उदाहरण बिहारचं. १९६६-६७ मध्ये तिथं भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकलेचं सरकारी काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी मुंबईच्या भास्कर कुलकर्णी ह्या चित्रकाराला मधुबनीला पाठवलं आणि त्यानं गावच्या बायांना कागद दिले, की भिंतीवर जे काढता ते यावर काढा. ऐन दुष्काळात कागद! आपल्या ग्रुपवर कोणी असं सुचवलं असतं तर लोकांनी धुतलं असतं. पण त्यातूनच सीतादेवी, गंगादेवी देशाला माहीत झाल्या, दोघींना पद्मश्री मिळाली, आणि कितीतरी घरांत बाईच्या हातात पैसा आला. कागदानं दुष्काळ हटला नाही, तसं मी म्हणत पण नाही. पण ज्या कामाला घरात काम म्हणून मोजत नव्हते ते मोजलं जायला लागलं.

आता हेच भास्कर कुलकर्णी पुढं वारल्यांकडं पण गेले होते, आणि तिथली गोष्ट मला जास्त बोचते. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर काढायच्या त्या सवाशिणी. ते काम बायांचं. सत्तरच्या दशकात चित्रं कागदावर आली, बाजारात आली आणि त्यात जगभर नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं, पुरुषाचं. मशे मोठेच कलाकार, २०११ ची पद्मश्री त्यांना उगीच मिळाली नाही, वाद त्यांच्याशी नाही. पण ज्या बायांनी पिढ्यान् पिढ्या ते चौक काढले त्यातल्या एकीचं नाव तुम्हाला येते का? मला येत नाही. बायांची कला घरात असते तोवर तिला नाव नसते आणि बाहेर आली की नाव दुसऱ्याचं लागते, हे ध्यानात ठेवून मग आपण शाळेतल्या सतरंजीवर परत येऊ.

तर संस्कारवाले. यांचं चित्र असं की आजी म्हणजे जुन्या चांगल्या गोष्टींनी भरलेली कोठी, पोरगी म्हणजे रिकामी पायली, आणि शनिवारी दोन तास कोठीतून पायली भरून घ्यायची. हे चित्र काढणाऱ्यांनी आपल्या गावच्या बुढ्यांना कधी बोलताना ऐकलं आहे का खरंच? भुलाबाईची गाणी घ्या. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर जाऊन म्हणायच्या, खिरापत ओळखायची, आता बऱ्याच गावात ते शाळेच्या एका कार्यक्रमापुरतं उरलं. त्या गाण्यांत काय आहे? सासरच्या जाचाचं रडगाणं आणि टिंगल. सासू, नणंद, कोणाला सोडलं नाही. लहान वयात लग्न होऊन गेलेल्या पोरींनी उघड बोलता येत नव्हतं ते गाण्यातून बोलून घेतलं. जात्यावरच्या ओव्या पण तशाच, त्यात भावाची माया आहे, विठ्ठल आहे, आणि दळून दळून हाताला आलेले फोड पण आहेत. याला जर तुम्ही संस्कार म्हणत असाल तर माझी हरकत नाही, पण मग पोरीनं घरी येऊन ते गाणं तुमच्याच तोंडावर म्हटलं तर चिडू नका.

पहिल्या शनिवारी एक आजी सांगत होती की तिचं लग्न झालं तेव्हा तिला न्हाण पण आलेलं नव्हतं, सासरी आली, रात्री आईच्या आठवणीनं चुलीमागं लपून रडायची. सगळ्या गप्प. आणि सातवीतली एक पोरगी, जरा आगाऊच आहे ती, एकदम विचारते, "मग आजी तुमी पळून काऊन नाही गेल्या?" मला वाटलं आता संपलं, आता म्हातारी उठून जाते. तिनं सुई थांबवली, पोरीकडं पाहिलं आणि म्हणाली, "कुठी पयाचं वो माय? रस्ता कोनाले माईत होता?" आणि हसली. सगळ्या बाया हसल्या, आणि मग एकेकीनं आपापल्या पळायच्या गोष्टी काढल्या, कोण नदीपर्यंत गेली होती, कोणाला दिरानं अर्ध्या वाटेतून परत आणलं. आता हा सवाल ती पोरगी स्वतःच्या आजीला घरात विचारू शकते का? तिची आई तिथंच स्वयंपाकघरात, बाप बाहेर खाटेवर. आणि आजी घरात असं उत्तर देऊ शकते का? नातं असलं की दोघींची जागा ठरलेली असते, एकीनं सांगायचं, दुसरीनं हाव म्हणायचं. दुसऱ्याच घरची आजी आणि दुसऱ्याच घरची पोरगी असल्यामुळं ते निघालं.

इथं विरोधकांपैकी एका ताईंनी ग्रुपवर नाही, मला फोनवर, फार चांगला मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या काय सगळ्या देवी आहेत का, पाळीत बाहेर बसा, लोणच्याला हात लावू नका, पोरीच्या जातीनं हळू हसा, हे पण त्याच शिकवतात, आम्ही मोठ्या मुश्किलीनं पोरींना यातून बाहेर काढून राहिलो आणि तुम्ही त्यांना परत नेऊन बसवता. शंभर टक्के खरं. दुसऱ्या शनिवारी हे झालंच. एक आजी म्हणाली की त्या दिवसात लोणच्याला शिवलं तर ते नासते. पण बाजूलाच बसलेली दुसरी, तिच्याहून वयानं मोठी, ती लगेच म्हणाली, "मी तं जल्मभर हात लावला, वावरात राह्यणाऱ्या बाईले कोन वेगळं बसवते? मायं लोणचं तुयाहून चांगलं राहे." जुंपली दोघींची. पोरी तोंडाला हात लावून पाहत होत्या. घरात एकच म्हातारी असते, तिचा शब्द म्हणजे जुन्या लोकांचा शब्द, दहा जणी एकत्र आल्या की पोरींना दिसते की जुनी लोकं पण एकमताची नव्हती, त्यातली कोणी मानत होती, कोणी गुपचूप मोडत होती. हे पोरीला आरोग्य विभागाच्या पोस्टरमधून कळणार नाही.

लोकं विचारतात, मग आपल्याकडं आजी-आजोबा दिवस आहेच की. आहे. २०२३ पासून शासनानं १० सप्टेंबर त्यासाठी ठरवून दिला. आमच्याकडं त्या दिवशी म्हाताऱ्यांना समोर बसवतात, पाय धुतात, नारळ देतात, पोरं एक गाणं म्हणतात, फोटो अपलोड होतो. म्हातारी काही बोलते का? नाही, तिचं काम बसायचं. दुसरीकडं उल्लास नावाचा साक्षरता कार्यक्रम आहे, दीडशे मार्कांची परीक्षा, त्यात शाळेतल्या पोरी पण बायांना अक्षरं शिकवतात. तो चांगला आहे, अंगठ्याच्या जागी सही करताना बाईचा चेहरा मी पाहिला आहे, त्याला नाव ठेवणार नाही. मुरबाड तालुक्यात फांगण्याला २०१६ पासून आज्यांची शाळा भरते, गुलाबी पातळं नेसून बाया दप्तर घेऊन जातात, त्याचं पण कौतुकच. पण हिशोब पाहा. आजी दिवसाला आजी मोठी, पोरगी लहान. उल्लासमध्ये पोरगी मास्तरीण, आजी विद्यार्थिनी. दोघी एका लेव्हलला कुठं आहेत? गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गटांना नुसतं एकत्र आणून मनं बदलत नाहीत, त्यांची पत सारखी पाहिजे, काम एक पाहिजे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होऊ नये असं पाहिजे, आणि वरून शाळेचा किंवा कायद्याचा पाठिंबा पाहिजे. तो गोऱ्या-काळ्यांबद्दल बोलत होता, पण गोधडीला ते जसंच्या तसं लागू होते. म्हातारीला धागा ओवता येत नाही कारण दिसत नाही, पोरीला धावदोरा सरळ घालता येत नाही कारण कधी घातला नाही. आणि नाटक तर दोघींनाही येत नाही. दोघी सारख्याच घाबरलेल्या.

हे काही आमच्या हेडसरांच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालं असं नाही. लंडनच्या पूर्व भागात, टॉवर हॅम्लेट्समध्ये, मॅजिक मी नावाची संस्था १९८९ मध्ये सुरू झाली, त्यांचं कामच हे, तिथल्या मुलींच्या शाळेतल्या पोरी, ज्यातल्या बऱ्याचशा बांगलादेशी घरातल्या, आणि त्याच भागातल्या म्हाताऱ्या बाया, यांना एकत्र आणून कलेचं काम करायचं. एकाच रस्त्यावर राहून एकमेकींशी कधी न बोललेल्या. इथं कोणी म्हणेल, लंडनमध्ये शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, आपल्या गावात तसं थोडीच आहे, आपल्याकडं सगळे एकमेकांना ओळखतात.

ओळखतात का? आता मी ते लिहिते जे ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. तीन दिवसांच्या भांडणात एक मेसेज असा होता, फक्त एक ओळ, "कोणकोणत्या बाया येणार आहे, लिस्ट टाका." त्यावर कोणी रिप्लाय दिला नाही, सगळ्यांनी वाचलं, निळ्या टिका दिसत होत्या. कारण सगळ्यांना कळलं की खरा सवाल हा आहे. इंग्रजी पण नाही आणि संस्कार पण नाही. त्या दहा-बारा बायांत चार बौद्धपुऱ्यातल्या होत्या, दोन गोंडाच्या टोल्यावरच्या म्हणजे पाड्यावरच्या, तीन विधवा. आणि गोधडी एक होती. म्हणजे कोणाच्या लुगड्याला कोणाच्या फ्रॉकचा तुकडा जोडला जाणार, कोणाच्या मांडीवरून ती कोणाच्या मांडीवर जाणार, हे उघडच आहे ना. गावात एकमेकींना ओळखतात म्हणजे नावानं आणि जातीनं ओळखतात. हळदीकुंकवाला कोण कोणाच्या उंबऱ्याच्या आत जाते ते आपण पाहत नाही का? कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, शासनानं बाकीच्या गावांना पण तसं करा म्हणून सांगितलं, आमच्याकडं किती ठिकाणी झालं ते आपापल्या गावात विचारून घ्या.

म्हणून मला संस्कार या शब्दाची भीती वाटते. संस्कार म्हटलं की लगेच यादी तयार होते, आणि यादी कोण करते? त्या यादीत भुलाबाई असेल, मंगळागौर पण असेल जी आमच्या अर्ध्या गावात कधी नव्हतीच. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली त्यानंतर बौद्धपुऱ्यातल्या बायांनी जी भीमगीतं म्हटली, बाबासाहेबांवर ज्या ओव्या जात्यावर रचल्या, त्या यादीत असतील का? टोल्यावरच्या आजीचं गोंडी गाणं असेल का, जे पोरींना एक अक्षर कळलं नाही आणि तरी दोघी-तिघींनी तीनदा म्हणायला लावलं? दुसऱ्या शनिवारी बौद्धपुऱ्यातल्या एका आजीनं बाबासाहेबांवरची एक ओवी म्हटली आणि तिच्याच चालीवर पलीकडच्या आळीतल्या आजीनं भावावरची म्हटली. चाल एकच निघाली! दोघी एकमेकींकडं पाहतच राहिल्या. एका गावात साठ वर्षं काढली, दोघींच्या घरात जातं होतं, आणि एकीचा आवाज दुसरीला माहीत नव्हता. हे संस्काराच्या यादीतून नसतं निघालं, संस्काराच्या यादीनं त्या दोघींपैकी एकीला बोलावलंच नसतं.

या वादात बहिणाबाईंचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही, ते समर्थकांनी काढलंच. त्या आमच्या नाहीत, खानदेशातल्या, पण बोली जवळची म्हणून आम्ही आपल्याच समजतो. अक्षरओळख नव्हती, गाणी सुचायची, मुलानं, सोपानदेवांनी आणि एका नातेवाइकानं ती लिहून ठेवली, १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या पुढाकारानं. यातून समर्थक म्हणतात, बघा, म्हाताऱ्यांजवळ किती धन आहे, गोळा करून ठेवा. मी त्यातून वेगळं वाचते. ज्या बाईला सोपानदेव नव्हता तिचं काय? आणि स्वतःचं पुस्तक हातात घेणं बहिणाबाईंच्या नशिबात नव्हतं याचं कोणालाच काही कसं वाटत नाही? गोळा करण्याचं काम थोर माणसांनी केलं आहे, साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी आयुष्य घातलं, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या आणि म्हणणाऱ्या बायांची नावं, गावं सुद्धा नोंदवली, ती मोठीच गोष्ट. पण शाळेत आपण संग्रहालय काढून नाही राहिलो. गोळा करताना म्हातारी माहिती देते आणि कार्यकर्ता घरी जातो. इथं तिनं उद्याच्या नाटकात स्वतः उभं राहायचं आहे, चुकायचं आहे, पोरीनं तिला डायलॉग आठवून द्यायचा आहे, आणि तिची गोष्ट पोरीनं बदलली तर तिनं भांडायचं आहे. चुलीमागं रडणाऱ्या नवरीची गोष्ट पोरींनी नाटकात घेतली तेव्हा त्यांनी तिला शेवटी पळवलं, थेट एसटीत बसवून. आजी म्हणाली, हे खोटं आहे. पोरी म्हणाल्या, आजी नाटक आहे. वाद तिथंच राहिला आहे कारण तिसरा शनिवार झालाच नाही.

पोरं का नाहीत, फक्त पोरीच का, असं पण विचारलं गेलं. बरोबर विचारलं. सुईदोरा पोरींनाच का, याला माझ्याजवळ पक्कं उत्तर नाही, पुढच्या वर्षी पोरं पण बसवा, आबाजी लोकांना पण बोलवा, त्यांना बोलतं करणं जास्त अवघड आहे म्हणून तर बोलवाच. पण पहिली फेरी बायांचीच ठेवा. न्हाणाचं, लग्नाचं बोलणं आठवीतल्या पोरांसमोर निघालं नसतं, हे ज्याला कळत नाही त्यानं आपल्या घरात पाहावं.

आणि पैशाचं बोला, त्याला लाजू नका. बायांना मानधन पाहिजे, निदान तेवढ्या वेळची वेचणीची मजुरी भरून निघेल इतकं. गाणाऱ्या गवयाला बिदागी आणि म्हातारीला चहा-बिस्कीट, हे चालणार नाही. वेचणीच्या भर दिवसात ठेवू नका, जानेवारीत ठेवा, गॅदरिंग पुढं ढकला, सव्वीस तारखेला काय देवानं नेमून दिलं आहे. आजूबाजूच्या वस्त्यांतून येणाऱ्या पोरींच्या बसच्या वेळेआधी संपवा, ती बस चुकली तर पुढच्या वेळी घरचे पाठवणार नाहीत. गोधडीच्या कडेला सगळ्यांची नावं धाग्यानं घाला, आजीचं नाव पोरीनं आणि पोरीचं नाव आजीनं, ज्यांना अक्षर येत नाही त्यांना पोरी खडूनं काढून देतील, त्यावरून त्या शिवतील. उद्घाटन नको. पाहुणे नको. आणि ती गोधडी कोणत्या साहेबाला भेट देऊ नका, देतील, मला माहीत आहे यांची सवय.

पुढच्या मिटिंगची तारीख अजून ठरली नाही. अर्धवट गोधडी शाळेच्या लोखंडी कपाटात आहे, क्रीडा साहित्याच्या खाली, त्यात एक सुई टोचलेली तशीच राहिली, मी शिपायाला सांगून ठेवलं आहे की हात जपून घाल. परवा तालुक्याच्या बसमध्ये टोल्यावरची आजी भेटली, पंच्याहत्तरीच्या वरची, तिचं तिकीट माफ, बाजूच्या सीटवर पास काढून बसलेली आठवीतली ती चार पानंवाली पोरगी. दोघी काहीतरी बोलत होत्या, मी आले तशा थांबल्या. मग आजीनं मला विचारलं, शनिवारचं काय झालं. मी म्हटलं, आजी, मिटिंग व्हायची आहे. ती म्हणाली, "मिटिंगचं मले नका सांगू. माह्या मायच्या लुगड्याचा तुकडा देल्ला मी त्याच्यात. शिवू द्यायचं नसन तं मायं मले वापस आणून द्या."